म्हातारचळ, विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश

डिमेन्शियाला, म्हणजे मेंदूच्या आजारामुळे आठवण, आकलन आणि वागणे ढासळत जाण्याला, ‘म्हातारचळ’ म्हटले तर काय बिघडले, शब्द आपल्याच भाषेतला आहे, असे काही जण विचारतात. माझ्या मते बरेच बिघडते. चळ लागणे म्हणजे ताळतंत्र सुटणे, आणि म्हातारचळ हा शब्द आपण वापरतो तो वयाला न शोभेल असे वागणाऱ्या माणसाला हिणवण्यासाठी. त्यात दोष माणसाच्या स्वभावाचा धरलेला असतो. डिमेन्शियात मात्र मेंदूतील पेशी निकामी होत जातात. तिथे स्वभावाला किंवा संस्कारांना बोल लावणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण वेगळ्या तऱ्हेने घात करते. ती तोंडात बसल्यामुळे घरातली माणसे ‘वय झालं आता’ असे म्हणून स्वस्थ बसतात आणि तपासणी लांबते. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे किंवा थायरॉइडच्या बिघाडामुळे आलेले विस्मरण उपचारांनी सुधारण्यासारखे असूनही तसेच राहून जाते. ‘विसराळूपणा’ हा शब्दही इथे पुरत नाही. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणे हा विसराळूपणा झाला, पण माझी आई एका सकाळी चहाचे आधण उकळत असताना हातात गाळणी धरून उभी होती आणि ती गाळणी कशासाठी असते हेच तिला उमगत नव्हते.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६३व्या श्लोकात क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिविभ्रम आणि पुढे ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशः’ अशी उतरंड सांगितली आहे. तिथे तो आजार नसून विवेक सुटण्याची एक पायरी आहे. भ्रंश म्हणजे जागेवरून ढळणे, त्यामुळे आजाराचे नाव म्हणून तो शोभतो आणि आता रुळलाही आहे. त्याची उणीव एवढीच की तो सगळा भार स्मरणशक्तीवर टाकतो. डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात सुरुवातीला आठवण बरीचशी शाबूत असते, बदलते ते वागणे किंवा बोलणे; लेवी बॉडी प्रकारात नसलेली माणसे समोर दिसू लागतात. अशा घरांना ‘स्मृतिभ्रंश’ हे निदान सांगितले की ‘पण त्यांना तर सगळं आठवतं’ हे उत्तर ठरलेले. अल्झायमर आणि डिमेन्शिया हेही समानार्थी शब्द नव्हेत: मलेरिया आणि ताप यांत जो फरक, साधारण तोच इथे आहे, आणि अल्झायमर हे डिमेन्शियाचे सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

नाव बदलल्याने काय होते, असे वाटणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. तिथे पूर्वी रूढ असलेल्या ‘चिहो’ या शब्दात मूढपणाची छटा होती. २००४ साली सरकारने तो बाजूला ठेवून ‘निन्चिशो’, म्हणजे आकलनाशी संबंधित विकार, हा शब्द स्वीकारला.

सांभाळणाऱ्यांसाठी ‘काळजीवाहक’ हा शब्द कागदोपत्री ठीक आहे, पण घराघरांत ‘आईचं कोण करतं?’ असेच विचारतात. या ‘करणे’मध्ये न्हाऊ घालणे, घास भरवणे, रात्री चारदा उठणे हे सगळे न सांगताच सामावते, आणि म्हणून तो शब्द मला फार मोलाचा वाटतो.

शेवटचा शब्द ‘घरी’. दिवेलागणीला आई पिशवी घेऊन दाराशी येई आणि म्हणे, ‘मला घरी जायचंय, अंधार पडेल.’ ज्या घरात तिने चाळीस वर्षे संसार केला, त्याच घरात ती हे म्हणत असे. ‘अगं, हेच तर घर आहे’ असे मी सुरुवातीचे कित्येक महिने समजावत राहिले, आणि दर वेळी ती अधिकच घाबरी होई. एके दिवशी मी विचारले, ‘घरी कोण कोण आहे गं?’ तेव्हा ती विहिरीवरच्या रहाटाबद्दल आणि धाकट्या भावाबद्दल बोलू लागली, आणि बोलता बोलता तिने पिशवी खाली ठेवली. तेव्हापासून आमच्याकडे तिच्या ‘घरी’चा अर्थ ‘माहेरी’ असाच लावला जातो, आणि ‘हेच तर घर आहे’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही.