उत्तर: ‘माझी लायकी नाही’ असं वाटत असेल तर मठात जावं का?

‘पूर्वायुष्य असं असताना कॅथलिक मठाचं दार वाजवायचा मला काय हक्क’ असं एकाने विचारलंय, आणि त्याला ‘मग नकोच जाऊ’ असा सल्ला मिळालाय. तो सल्ला पटला नाही. कॅथलिक धर्मसंहितेत (१९८३) प्रवेशाचे अडथळे मोजून दिलेत: वय १७ च्या आत, वैध विवाह टिकून असणं, दुसऱ्या धार्मिक संस्थेत व्रतांचं बंधन, जबरदस्ती किंवा फसवणूक, शिवाय फेडता न येणारं कर्ज. जुनी पापं त्या यादीत नाहीत, अपात्र वाटणं तर नाहीच. यादीत बसणारं काही असेल, म्हणजे शैक्षणिक कर्ज वगैरे, तर आधी ते मिटवा.

दुसरं, लायकी तुम्ही एकट्याने ठरवायची नसतेच. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या जुन्या नियमावलीच्या ५८ व्या प्रकरणात उमेदवाराला सहज आत घेत नाहीत. नियमावली त्याला २, मग ६, मग ४ महिन्यांनी पुन्हा वाचून दाखवतात. व्रत घेताना उतरवलेले त्याचे कपडे कोठीत जपून ठेवतात, कधी मठ सोडलाच तर परत द्यायला! आजही नोव्हिशिएट (व्रतांआधीचा उमेदवारीचा काळ) किमान १२ महिने, मग ३ वर्षं तरी तात्पुरती व्रतं. चिंतनशील भगिनींना, म्हणजे मठात राहून प्रार्थनेला वाहून घेतलेल्या जोगिणींना, कायमच्या व्रतांआधी २०१८ पासून एकूण किमान ९ वर्षं.

खरी गडबड वेगळीच असते. माफ झालेलं तेच पाप धर्मगुरूंपुढे पुनःपुन्हा कबूल करत राहणं ही नम्रता नव्हे, अतिसंशय (पापाची सततची नाहक धास्ती) आहे. ते एकाच आध्यात्मिक मार्गदर्शकाला स्पष्ट सांगा. चार जणांना विचारलंत तर गोंधळ वाढेल. आणि मन उदास असताना अर्ज करूही नका, मागेही घेऊ नका.