१ तीमथ्य २:१२ महिला मंडळात कसं शिकवावं?

सातरस्ता: सोलापुरातल्या एका महिला मंडळासाठी दोन बुधवारचा अभ्यास तयार करतेय. बहुतेक जणी सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), काही मुक्तिफौजेच्या (साल्व्हेशन आर्मी), दोघी कॅथलिक. २:१२ (‘स्त्रीने शिकवावे किंवा पुरुषावर अधिकार चालवावा, हे मी होऊ देत नाही’) वाचलं की गाडी तिथेच अडते. सुरुवात कुठून करू?

पार्कचौक: ताई, आधी प्रश्नाचे तुकडे करा. संदेश कोणी द्यायचा, प्रभुभोजन कोणी द्यायचं, कमिटीत कोणी बसायचं. तिन्हींना ‘अधिकार’ म्हटलं की गोंधळ होतो.

कॅथलिकांत कॅनन लॉचं (चर्चच्या कायद्याचं) १०२४वं कलम स्पष्ट आहे: याजकदीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषाला. १९९४मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. पण २०२१पासून वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांनाही रीतसर मिळतात. मिस्सेतलं (मुख्य उपासनेतलं) प्रवचन मात्र फादर किंवा डीकनच (फादरच्या खालचे दीक्षित सेवक) करतात. सीएनआयमध्ये स्त्रिया प्रेस्बिटर (दीक्षित पाळक) होतात. २०२४मध्ये व्हायोलेट नायक फुलबनीच्या बिशप झाल्या. सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) पुष्पा ललिता २०१३मध्येच नंद्यालच्या बिशप झाल्या. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा नि प्रभुभोजन हे विधीच नाहीत, त्यामुळे दुसरा प्रश्न तिथे उरत नाही. १९३४मध्ये तर एव्हांजेलिन बूथ जनरल, म्हणजे मुक्तिफौजेच्या प्रमुख झाल्या.

जुनीगिरणी: वचनांचा क्रम महत्त्वाचा. २:१२पासून सुरू करूच नका. आधी १ करिंथ ११:५ घ्या, तिथे स्त्री प्रार्थना करते, संदेश देते. ही पत्रं लिहिणारा पौल फक्त डोक्यावरच्या आच्छादनाबद्दल बोलतो. मग १४वा अध्याय. तिथे ‘गप्प राहा’ तिघांना सांगितलंय: २८व्या वचनात अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषेत बोलणाऱ्याला, ३०मध्ये संदेष्ट्याला, ३४मध्ये स्त्रियांना. ग्रीक क्रियापद तिन्हीकडे एकच. पहिल्या दोघांना कोणी जन्मभर गप्प बसवत नाही!

रोम १६:१मधली फिबी मराठीत ‘सेविका’ होते, आणि ऐकणारीला पंगतीत वाढणारी बाई दिसते. मूळ शब्द ‘दियाकोनोस’. १ करिंथ ३:५मध्ये पौल तोच स्वतःला नि अपुल्लोसला लावतो.

२:१२मधलं ‘औथेन्तेइन’ नव्या करारात एकदाच येतं. अधिकारासाठीचा नेहमीचा शब्द ‘एक्सूसिया’ इथे नाही, म्हणून ‘अधिकार चालवणे’ की ‘वरचढ होणे’ हा वाद आहे.

सातरस्ता: म्हणजे तो आदेश इफिसपुरताच (तीमथ्य होता त्या शहरापुरता), असं सांगितलं तर?

जुनीगिरणी: तिथेच बहुतेकांचा अभ्यास कोसळतो. १३व्या वचनात पौल आदाम आधी घडवला गेला असं कारण देतो, ते फक्त इफिसचं नाही. स्त्रियांनी शिकवू नये म्हणणारी बाजू याच वचनावर उभी आहे, वगळलंत तर पहिलीच सासूबाई पकडेल. उलट ११वं वचन ठळक वाचा: ‘शिकावे’ हीच त्या परिच्छेदातली आज्ञा आहे.

पार्कचौक: पहिल्या बुधवारी फक्त करिंथ आणि रोम. तीमथ्य दुसऱ्या बुधवारी, आणि चर्चचे नियम शेवटच्या पंधरा मिनिटांत. ते आधी काढलेत तर वचन कोणी उघडणार नाही.