बागाची बाटली: खराब निघाली की हिची चवच इतकी तुरट?

मेघना_आवेइरू
नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून मी पोर्तुगालमध्ये आवेइरूला असते. गेल्या शनिवारी पाहुणे येणार होते म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून जवळच्याच बायराडा या वाइनप्रदेशाची लाल वाइन आणली, 11 युरोंची. लेबलवर ठळक अक्षरांत 'बागा', म्हणजे द्राक्षाच्या वाणाचं नाव, आणि खाली 2021. सोबत भाजलेले सार्डिन केले होते. पहिल्याच घोटाला जीभ टाळूला चिकटली, हिरडा चघळल्यासारखी. माशाला तर लोखंडाचा वास यायला लागला. पाहुण्यांनी काही न बोलता पेले बाजूला सारले आणि मला फार वाईट वाटलं.

उरलेली अर्धी बाटली बूच लावून ओट्यावर तशीच राहिली. सोमवारी रात्री ओतून टाकायच्या आधी एक घोट घेतला, तर आंबट चेरीची छान चव! तुरटपणा होता, पण सोसेल इतका. मग शनिवारी ती बिघडलेली होती का? की मी वाइन चुकीची निवडली? जाणकारांनी सांगावं.

श्री_लिस्बन
बाटली चांगली आहे. बिघडलेली वाइन दोन दिवसांनी आणखी बिघडते, सुधारत नाही. पुढच्या वेळी दोन-तीन तास आधी उघडून काचेच्या जगमध्ये ओतून ठेवा. आणि सार्डिनबरोबर तर नकोच. लाल वाइनमधल्या लोहामुळे माशाचा वास उग्र होतो, तोच तुम्हाला आला.

कोइंब्राकर
मेघनाताई, पोर्तुगालमधल्या सगळ्या लाल द्राक्षांत मला सर्वांत जवळची वाटते ती बागा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी कोइंब्राला सहा वर्षं होतो. आमच्या घरमालकांची अनादियाजवळ छोटी द्राक्षबाग होती, जवळजवळ सगळी याच वाणाची. (नावावरून गोंधळ नको. पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे बोरासारखं बारीक फळ.) पहिल्या वर्षी सप्टेंबरअखेर त्यांच्याकडे तोडणीला गेलो. घड हातात घेतला तर मणी इतके दाटीने लागलेले की मधून करंगळीही जाईना. मणी बारीक, साल जाड. तुमच्या तुरटपणाचं मूळ तिथेच आहे. तोंड तुरट करणारं टॅनिन असतं सालीत आणि बीत, आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त. आंबटपणाही या वाणात मुळातच भरपूर.

त्या दाटीचा खरा त्रास पावसात होतो. बायराडाच्या एका अंगाला अटलांटिक आणि दुसऱ्या अंगाला बुसाकू-कारामुलूचे डोंगर. बागा पिकते उशिरा, सप्टेंबरच्या शेवटाला किंवा ऑक्टोबरात, आणि नेमके तेव्हाच समुद्रावरून ढग चालून येतात. पाणी घडात शिरलं की लवकर वाळत नाही आणि आतून कूज धरते.

त्या सकाळी घरमालकांनी वेलीपाशी उभं राहून एक मणी तोंडात टाकला, गर गिळला आणि बी तळहातावर घेऊन मला दाखवली. खालून तपकिरी, टोकाला अजून हिरवी. मी एक दाताखाली फोडून पाहिली, हिरवट कडू लागली. पूर्ण पिकलेली बी भाजल्या दाण्यासारखी कुडकुडते, असं ते म्हणाले. "अजून दहा दिवस हवे होते," म्हणाले आणि पश्चिमेकडे बघितलं. तिकडे आभाळ काळंभोर झालं होतं. तोडणी त्याच दिवशी उरकली. संध्याकाळपर्यंत कात्रीच्या टोकाने कुजके मणी काढून काढून माझी बोटं चिकट, काळीनिळी झाली होती. तेव्हापासून तरुण बागा तोंडात तुरट लागली की मला ते न मिळालेले दहा दिवस आठवतात.

पूर्वी तर घड देठासकट तुडवायचे आणि देठांचं टॅनिनही त्यात उतरायचं. अशा वाइनला वर्षानुवर्षं हात लावायची सोय नसे. यात बदल घडवणाऱ्यांत लुईश पातू हे मोठं नाव. 1980 पासून ते स्वतःच्या नावाने वाइन करतात. (पातू म्हणजे बदक, म्हणून लेबलवर बदक दिसेल.) त्यांची एक गोष्ट मला फार पटते. घडांची विरळणी बरेच जण करतात आणि काढलेले घड जमिनीवर टाकतात. त्यांनी ते फुकट घालवले नाहीत. लवकर तोडलेले आंबट घड फेसाळ वाइनला लावले आणि वेलीवर राहिलेल्या घडांना पुरतं पिकू दिलं. 1988 साली वाळूच्या जमिनीत त्यांनी खुंटावर कलम न करता बागाच्या वेली लावल्या, कारण मुळं खाणारा फायलोक्सेरा हा किडा वाळूत टिकत नाही. ती वाइन 'पे फ्रांकू' नावाने निघते. महाग आहे, पण आयुष्यात एकदा तरी चाखावी. आता त्यांची मुलगी फिलिपा पातूही स्वतःच्या वाइन करते, आणि तिची बागा जास्त नाजूक, हलक्या हाताची वाटते.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला एका हिवाळ्यात मिळालं. घरमालकांनी तळघरातून 1995 ची बाटली आणली. आदल्या दिवसापासून ती उभी ठेवली होती, गाळ खाली बसावा म्हणून. ओतली तर रंग विटकरी, कडेला जवळजवळ नारिंगी. वास सुकलेल्या आलुबुखारचा, तंबाखूच्या पानाचा, पाऊस पडून गेलेल्या पाइनच्या रानाचा. आणि तुरटपणा? होता ना, पण चांगल्या चहाइतकाच. आंबटपणा तसाच ताजा. बाटलीत वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना धरतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, आणि जीभ ओढली जाणं कमी होतं. तुमच्या ओट्यावर दोन दिवसांत हवेने वाइनचा ताठा थोडा उतरवला, पण त्याला जुनं होणं म्हणता येत नाही.

म्हणजे तुमची निवड चुकली नव्हती. 2021 ची बागा तुम्ही पोरवयात उघडलीत इतकंच.

राधिका_पोर्तू
छान लिहिलंय. एक शंका. पोर्ट वाइनला रंग यावा म्हणून पूर्वी त्यात बागा मिसळायचे असं ऐकलंय. ते हेच द्राक्ष ना?

कोइंब्राकर
नाही राधिकाताई, तिथे 'बागा' म्हणजे सबुगैरूची फळं, एल्डरबेरी. शब्द तोच असल्याने घोटाळा होतो. अठराव्या शतकात ती फळं घालून पोर्ट गडद करायचे. पोर्तुगालचा तेव्हाचा बलाढ्य मंत्री मार्केश द पोंबाल याने 1756 मध्ये दोरूच्या, म्हणजे पोर्ट जिथे होते त्या खोऱ्यातल्या, वाइनसाठी कंपनी काढली आणि पुढे तिथली ती झाडं उपटायला लावली. त्याच धोरणात बायराडातल्या द्राक्षवेलींवरही कुऱ्हाड पडली, इथली वाइन पोर्टमध्ये मिसळू नये म्हणून. बायराडाला स्वतंत्र सीमांकित वाइनप्रदेश म्हणून मान्यता मिळायला मग 1979 उजाडलं. या प्रदेशावर झालेला हा अन्याय मला आजही खुपतो.

शमा_कांतान्येद
मेघना, मी म्हणेन सुरुवात लाल बागाने करूच नकोस, इश्पुमांतने, म्हणजे फेसाळ वाइनने कर. बायराडात फेसाळ वाइन 1890 पासून होते आहे आणि बागाचीही मिळते, पांढरी किंवा फिकट गुलाबी. साली लवकर बाजूला केल्या की तुरटपणा उतरतच नाही, आंबटपणा तेवढा राहतो, आणि फेसाळ वाइनला तोच हवा असतो. एखाद्या रविवारी आवेइरूहून कोइंब्राच्या लोकल गाडीने म्यालयादाला उतर आणि लैताँव माग. लसूण, मिरी, मीठ आणि डुकराची चरबी चोळून लाकडाच्या भट्टीत शिगेवर भाजलेलं कोवळं डुक्कर. कातडी पापडासारखी मोडते, आतलं मांस तुपकट. त्या तुपकटपणावर ही वाइन घेतली की जीभ लख्ख होते.

कोइंब्राकर, तुम्ही म्हणता तसं दहा-वीस वर्षं थांबणं सगळ्यांना जमत नाही हो. हल्ली हलक्या हाताने केलेल्या, लवकर प्यायच्या बागाही बऱ्याच निघतात. त्यांनाही मान द्यायला हवा.

कोइंब्राकर
मान्य, शमाताई. लैताँवबद्दल तर शंभर टक्के मान्य. फक्त मोजक्या का होईना, काही बाटल्या कोणीतरी जुन्या होऊ द्याव्यात, एवढंच माझं म्हणणं.

मेघना_आवेइरू
सगळ्यांचे मनापासून आभार! काल म्यालयादाला जाऊन आले. इश्पुमांत आणि लैताँव, दोन्ही. शमा, तू लिहिलंस ते अक्षरशः खरं आहे, शेवटच्या तुकड्यापर्यंत जीभ ताजी होती. परत येताना त्याच दुकानातून त्याच 2021 च्या तीन बाटल्या घेतल्या. एक बोकडाच्या रश्श्याबरोबर येत्या नाताळात, तीन तास आधी उघडून. उरलेल्या दोन ठेवायच्या आहेत. पण तळघर नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि स्वयंपाकघरात ऊन येतं. कुठे ठेवू?

कोइंब्राकर
स्वयंपाकघरात नको आणि फ्रिजवर तर मुळीच नको, तिथे कायम ऊब असते. उत्तरेकडच्या खोलीतलं कपाट बघा, सगळ्यात खालचा कप्पा. आडव्या ठेवा म्हणजे बूच ओलं राहील. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या चादरीत गुंडाळल्या तर उन्हाळ्याची झळ कमी लागेल. बाटल्या थंड आणि अंधारात असणं महत्त्वाचं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तापमान सारखं वर-खाली होऊ न देणं. तरी फ्लॅटमध्ये तळघराइतकी वर्षं ताणू नका. पहिली 2028 च्या सुमारास उघडा आणि इथे येऊन लिहा. दुसरीचं काय करायचं ते तेव्हा बघू.