किशोरांसाठी इंग्रजी वाचन-लेखन साहित्य: दोन तुकड्या आणि टी-मूल्याचा साचा मोडायचा की नाही?

कोरा_फळा
मराठी माध्यमाच्या आठवी-नववीसाठी इंग्रजीची पुस्तिका तयार करायची आणि त्यावर एम.एड. किंवा पीएच.डी.चा प्रबंध लिहायचा, हे आपल्याकडे नेहमीचंच. साचाही ठरलेला: एक तुकडी प्रायोगिक, दुसरी नियंत्रित, पूर्वचाचणी, वीसेक तासिका, उत्तरचाचणी, टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे पाहणारा आकडा), शून्य परिकल्पनेचा ('फरकच नाही' या गृहीतकाचा) त्याग. पुस्तिकेतला कुठला उतारा मुलांना झेपला नाही आणि का, हे प्रबंधात शोधूनही सापडत नाही.

आकडेमोडही लंगडीच. ४० + ४० मुलं, स्वाधीनता मात्रा (मुलांच्या संख्येतून गटांची संख्या वजा) ७८, सारणीमूल्य (टी-मूल्याने ओलांडायची रेषा) १.९९. पण एका वर्गातली ४० मुलं म्हणजे ४० सुटे नमुने नव्हेत. शिक्षक एक, वेळापत्रक एक, बाकं शेजारशेजारची. आंतरवर्ग सहसंबंध (एकाच वर्गातली मुलं एकमेकांसारखी किती, याचं माप) ०.२ धरला तर नमुना जितक्या पटीने आकसतो तो आकडा १ + ३९ × ०.२ = ८.८. ८० ला त्याने भागा, म्हणजे ८० मुलांचं वजन जेमतेम ९ सुट्या मुलांएवढं. शिवाय दोनच तुकड्या असल्या की फरक पुस्तिकेचा की तुकडीचा, हे कुठलंच सूत्र वेगळं करून देत नाही.

त्यापेक्षा अध्यापन-साहित्य घडवण्याच्या डिक-कॅरी पद्धतीचं आकारिक मूल्यमापन करा, म्हणजे साहित्य तयार होत असतानाच मुलांवर तपासून सुधारायचं. आधी एकेक करून तीन मुलं: एक कच्चं, एक मध्यम, एक चांगलं. मग ८ ते २० जणांचा गट. शेवटी ३०-एक मुलांच्या खऱ्या वर्गात. पहिल्या पायरीवर मुलाने एक वाक्य वाचायचं आणि काय कळलं ते मराठीत सांगायचं. आपण फक्त टिपायचं, मदत करायची नाही. तज्ज्ञ 'नवीन शब्द पाचच, भाषा सोपी' असा शेरा देतात तिथेच मूल अडतं. आपण 'काल आलेला मुलगा' म्हणतो, विशेषण आधी. इंग्रजीत 'द बॉय हू केम यस्टरडे', म्हणजे नामाच्या मागे अख्खं वाक्य चिकटतं. शब्द सगळे ओळखीचे, अर्थाची मात्र बोंब. अशी जागा प्रश्नावलीत कधीच सापडत नाही.

शून्य_परिकल्पना
आजाराचं निदान बरोबर, औषध चुकीचं. तुलनाच काढून टाकली तर मुलं पुस्तिकेमुळे शिकली की तीन महिने शाळेत बसल्यामुळे, हे कशावरून ठरवणार? शिवाय पूर्वचाचणीत तळाला असलेली २० मुलं निवडली की उत्तरचाचणीत त्यांची सरासरी थोडी वर येतेच, काहीही न शिकवता. एकगट अभिकल्पातली (तुलनेला दुसरा गट नसलेल्या प्रयोगातली) निम्मी 'प्रगती' ही अशी असायची शक्यता असते.

तुलना नीट करायचे मार्ग आहेत. गट अ ला घटक १-२ नव्या पुस्तिकेतून आणि ३-४ पाठ्यपुस्तकातून, गट ब ला उलट. दोन्हीकडे शिक्षक तोच. म्हणजे प्रत्येक मूल स्वतःचंच नियंत्रण होतं. आणि विकास व प्रयोग यांत भांडण लावू नका. शैक्षणिक संशोधन व विकासाच्या बोर्ग-गॉल यांनी सांगितलेल्या दहा पायऱ्यांत दोन्ही आहेत: आधी १ ते ३ शाळांत ६ ते १२ जण, मग ५ ते १५ शाळांत ३० ते १०० जण. आपल्याकडे पहिली पायरी झाली की दमछाक होते आणि नाव मात्र 'संशोधन व विकास' द्यायचं.

कोरा_फळा
अदलाबदल कागदावर छान. पण गट एकाच वर्गातले असले तर मधल्या सुट्टीत पुस्तिका बाकांवरून फिरतात, तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांनी दोन्ही वाचलेलं असतं. गट वेगळ्या तुकड्यांत ठेवले की पुन्हा तुकडीचा गोंधळ.

शून्य_परिकल्पना
अहो, पुस्तिका तासिकेपुरत्या द्या आणि परत घ्या. आणि तुकड्यांचा गोंधळ अदलाबदलीने बराच कमी होतो, कारण हुशार तुकडी दोन्ही बाजूंना मोजली जाते. एवढं करून एका शाळेचे निष्कर्ष जिल्ह्याला लावू नयेत, हे मान्य.

मोजून_मापून
अभिकल्पावर वाद घालण्याआधी उतारा तरी मोजा. फ्लेश-किनकेड या वाचनसुलभतेच्या सूत्राचा आकडा छापून 'काठिण्यपातळी तपासली' म्हणणं बंद झालं पाहिजे. ते सूत्र १९७५ मध्ये अमेरिकी नौदलातल्या लोकांसाठी बेतलेलं, त्यात फक्त वाक्यांची लांबी आणि शब्दांतले उच्चारखंड (सिलेबल) मोजतात. आपल्या मुलाला शब्द माहीत आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही.

हू आणि नेशन या संशोधकांच्या २००० सालच्या अभ्यासावरून निघालेला अंदाज असा: मदतीशिवाय वाचायचं तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. ३०० शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी फक्त ६. शिक्षक सोबत असेल तर ९५ टक्के, म्हणजे १५, चालून जातात. पण 'ओळखीचे' ठरवताना फसगत होते. स्टेशन, हॉस्पिटल, मोबाइल हे मुलाला कानाने पाठ असतात, रोमन स्पेलिंग समोर आलं की ओळखू येतीलच असं नाही. म्हणून शब्दयादी दोनदा तपासा: ऐकवून आणि छापून.

मग रिक्तपूर्ती चाचणी. पहिलं वाक्य अखंड, पुढे दर पाचवा शब्द गाळायचा, ५० जागा होईपर्यंत. म्हणजे उतारा २७० शब्दांच्या आसपास हवा. मूळ शब्दच बरोबर धरायचा. बोर्मथ या संशोधकाची ४४ टक्क्यांची रेषा (शिक्षकाच्या मदतीने उतारा झेपतो ती पातळी), म्हणजे २२ गुण, सगळे उद्धृत करतात. पण ती अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवरून काढलेली. तिच्यावरून पास-नापास ठरवू नका, उताऱ्यांचा सोप्याकडून अवघडाकडे क्रम लावायला वापरा. आणि 'अ', 'अ‍ॅन', 'द'च्या जागा वेगळ्या मोजा. मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे उतारा समजलेलं मूलही तिथे गुण घालवतं.

शून्य_परिकल्पना
उपपदं वगळली तरी दर पाचव्या शब्दाची रिक्तपूर्ती वाक्यापुरतंच पाहते. उताऱ्याचे १५-२० आशयबिंदू आधी काढून ठेवा, मुलाला आठवेल तेवढं मराठीत लिहू द्या, दोघांनी स्वतंत्रपणे मोजा. आकलन तपासायचं तर इंग्रजी लेखनाची अट कशाला?

मोजून_मापून
आठवून लिहिण्यात स्मरणशक्ती मोजली जाते, हे विसरताय. उतारा समोर ठेवूनच लिहू द्या. मात्र मग नक्कल होऊ नये म्हणून मराठीतच.

लाल_शाई
वाचनावर एवढं, लेखनावर कोणीच नाही? खरी लबाडी तिथेच चालते. पूर्वचाचणीला आवडता सण, उत्तरचाचणीलाही आवडता सण. गाइडमधला निबंध पाठ, गुण वाढले, प्रबंध पूर्ण.

विषय दोन घ्या. निम्म्या मुलांना आधी पहिला, उरलेल्यांना आधी दुसरा. सगळे कागद टाइप करून घ्या (चुकांसकट, टायपिंग करणाऱ्याला दुरुस्तीची खोड असते), नाव-तारीख काढा, आधीचे-नंतरचे मिसळून टाका. तपासनीस दोन, त्यांपैकी एक तरी शिकवणारा नसावा. गुणदान निकष चारच: आशय, क्रम, वाक्यरचना, शब्दनिवड. स्पेलिंग वेगळं मोजा, नाहीतर दोघेही नकळत स्पेलिंगलाच गुण देत बसतात. पहिले १० कागद एकत्र बसून तपासायचे, वाद घालायचे, निकषांची भाषा बदलायची. मगच वेगळे बसून भारित कॅपा (दोघांचे गुण किती जुळतात, याचा आकडा) काढायचा.

दुसरी अडचण वाक्यचौकटींची, म्हणजे गाळलेल्या जागा भरायच्या तयार वाक्यांची. चौकटी दिल्या की पंधरा दिवसांत सगळा वर्ग एकसारखं लिहितो आणि देखणं दिसतं. म्हणून शेवटचं काम चौकटीशिवाय, आणि तेच पुन्हा महिना-दीड महिन्याने.

कोरा_फळा
लेखनाचं शंभर टक्के पटलं. सरासरीबद्दल मात्र अजून एक. असर २०२३ ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची पाहणी १४ ते १८ वयाची होती, २६ राज्यांतल्या २८ जिल्ह्यांत. इंग्रजी वाक्यं वाचू शकणारे ५७.३ टक्के, त्यांतले अर्थ सांगू शकणारे जवळपास तीन-चतुर्थांश. म्हणजे वाचून अर्थ लावणारे ढोबळमानाने ४२. राज्यातली परिस्थिती यापासून फार वेगळी नसेल तर नववीच्या एका वर्गात निदान तीन वर्ग बसलेले असतात. त्यांची एक सरासरी काढून टी-मूल्य कशाचं काढताय?

शून्य_परिकल्पना
मग पूर्वचाचणीवरून तीन स्तर आधीच पाडा आणि प्रत्येक स्तराची तुलना वेगळी करा. तळाच्या स्तराला वेगळी पुस्तिका लागेल, त्यातली भाषा दुसरीच्या पातळीची पण विषय चौदा वर्षांच्या मुलाला शोभणारे: क्रिकेटचा स्कोअर, मोबाइलचा रिचार्ज, बसचा पास. ससा-कासव दिलंत तर पुस्तिका दप्तराबाहेर निघणार नाही. तीन मुलं, मग आठ मुलं, इथवर तुमची पद्धत मान्य. तिसऱ्या पायरीवर तुलना हवी म्हणजे हवीच.

लाल_शाई
एम.एड.च्या वेळात हे सगळं बसवायचं तर घटक दोनच घ्या. दहा घटकांची न तपासलेली पुस्तिका छापण्यापेक्षा बरं.