आर-२२ च्या जुन्या एसीत आर-३२ भरावा का?

प्रश्न (रामबाग, इंदूर): आमच्या २०११ सालच्या स्प्लिट एसीतील आर-२२ हा थंडावा देणारा वायू गळून गेला असून, तो आता बंद झाल्याने त्याऐवजी आर-३२ भरून देतो, असे मेकॅनिक म्हणतात. ते मान्य करावे काय?

उत्तर: मुळीच नको. आर-३२ चा दाब बराच जास्त असतो, कॉम्प्रेसरचे तेल वेगळे लागते, शिवाय तो सौम्य ज्वलनशील आहे. १ जानेवारी २०२५ पासूनची आर-२२ वरील बंदी नव्या यंत्रांच्या निर्मितीपुरती आहे. जुन्यांच्या दुरुस्तीसाठी आर-२२ वापरता येतो, मात्र त्याचा पुरवठा घटत जाणार.

दुसरे उत्तर: आधी गळती शोधावी. आमच्याकडे साबणाच्या पाण्याचे बुडबुडे फ्लेअर नटापाशीच (वायूच्या नळ्या जोडणाऱ्या नटापाशी) उठले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्याही नटाभोवती तेलकट डाग आहे.