न्यूव्ह शापेलच्या शेतातील सैनिकी अवशेष : उचलून ओळखावेत की जागीच राहू द्यावेत?

शोधयात्री :
उत्तर फ्रान्समधील लीलजवळच्या एका परिचिताने न्यूव्ह शापेल गावाच्या शेतांत मेटल डिटेक्टर घेऊन वर्षानुवर्षे जमवलेल्या पहिल्या महायुद्धातील वस्तूंचा डबा परवा माझ्यापुढे उपडा केला. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचे) वेगळ्या करणे सोपे होते. बुडाची कडा बाहेर आलेली असेल तर ती ब्रिटिश 0.303 इंची, आणि कडेऐवजी खाच असेल तर जर्मन 7.92 मिलिमीटरची. जर्मन पुंगळीवर कारखान्याचे अक्षर, महिना, वर्ष आणि ‘एस 67’ असा शिक्काही असतो. त्याचा अर्थ पितळेत 67 टक्के तांबे. 28 ऑक्टोबर 1914 रोजी याच गावावर 47 व्या शीख पलटणीसोबत आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी अभियंत्यांच्या) 20 व 21 क्रमांकाच्या कंपन्या चालून गेल्या होत्या. तेथील 1927 च्या स्मारकावर कबर न सापडलेल्या सुमारे 4,700 भारतीयांची नावे आहेत. जाणकार हौशी मंडळींना शोधाची मोकळीक दिली नाही, तर उरलेसुरले तुकडे नांगराखाली चुरडले जातील, असे माझे स्पष्ट मत आहे.

थरवाचक :
मी पूर्ण असहमत आहे. फ्रान्समध्ये 1989 च्या कायद्यानुसार ऐतिहासिक वस्तूंच्या शोधासाठी डिटेक्टर वापरायचा असेल तर आधी प्रशासनाची परवानगी लागते, आणि ती अट मला रास्त वाटते. पुंगळी कोणाची हे बुड पाहून कळते. पण ती कोणत्या खंदकात, कशाच्या शेजारी आणि किती खोल पडली होती, हे फक्त जागेवर कळते. सैनिकाची ओळख कोरलेल्या बिल्ल्याचे तर विचारूच नका. युद्धाच्या आरंभी ब्रिटिश सैनिकाजवळ एकच बिल्ला असे. मृत्यूची नोंद करण्यासाठी सोबती तो काढून नेत आणि देह निनावी राही. म्हणून तर 1916 मध्ये दोन बिल्ल्यांची पद्धत आली. आज बिल्ला खिशात घालणारा हौशी माणूस तीच जुनी चूक पुन्हा करत असतो. तुमच्या त्या डब्यात बिल्ला होता का?

खडकीकर :
दोघांच्याही वादात मूळ धोका मागे पडतो आहे. पितळी फ्यूज (तोफगोळ्याचा स्फोट घडवणारा टोकाचा भाग) दिसायला देखणा असतो, पण त्याच्याखाली अख्खा जिवंत तोफगोळा असू शकतो. तिथे ओळख पटवत बसू नये. हात न लावता पोलिसांना कळवावे.

शोधयात्री :
खडकीकरांचे म्हणणे निर्विवाद आहे. थरवाचकांना मात्र अर्धेच उत्तर देतो. शंभर वर्षे नांगरलेल्या वरच्या वीतभर मातीत कोणता थर शाबूत राहणार? तिथल्या शिशाच्या गोळ्या (ब्रिटिश 18 पौंडी तोफेच्या श्रॅपनेल, म्हणजे हवेत फुटून गोळ्या उधळणाऱ्या, तोफगोळ्यात त्या सुमारे 375 असत) नकाशावर जागा टिपून उचलल्या, तर माहितीत भरच पडेल. त्याखाली फावडे घालू नये, हे मान्य. आणि हो, डब्यात अक्षरे झिजलेला अ‍ॅल्युमिनियमचा एक गोल बिल्ला होता. तो कोणत्या शेतात सापडला, हे परिचिताला आठवत नाही.

थरवाचक :
मग वरच्या वीतभर मातीपुरतीही मोकळीक मला मान्य नाही. यंत्र आवाज करते, तेव्हा वस्तू एक वीत खाली आहे की दोन, हे खणल्याशिवाय कोणालाच कळत नाही.