घरासाठी प्रिंटर: शाई परवडेल असा कोणता?

विश्रामबागची_ताई:
सांगलीत घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. सराव प्रश्नपत्रिका काढायच्या असतात, वर धाकट्याचे शाळेचे रंगीत तक्ते. आताचा कार्ट्रिजवाला प्रिंटर म्हणजे हत्ती पोसणं झालंय. मे महिन्यात तर नुसता धूळ खातो. काय घेऊ?

मिरजवाला:
डोळे झाकून इंक टँक घ्या, म्हणजे बाटलीने टाकीत शाई भरायचा प्रिंटर. एप्सन एल३२५० ला ००३ नंबरची शाई लागते. काळी बाटली ६५ मिलीची, कंपनी ४५०० पानं सांगते. एचपीच्या ६८० काळ्या कार्ट्रिजचा आकडा ४८०. करा हिशोब.

कुपवाडकर:
नुसतं काळंच छापायचं असतं तर लेझर म्हणालो असतो, त्यात शाईऐवजी टोनरची पावडर असते, ती वाळत नाही. पण तक्ते आले म्हणजे टँकच. सुट्टीत आठवड्याला एखादं रंगीत पान काढत जा, नाहीतर कागदावर शाई सोडणाऱ्या हेडमध्ये ती वाळते. आणि बंद करायचा तो प्रिंटरच्याच बटणाने, थेट भिंतीवरचं बटण नको. हेड नीट झाकलं जाऊ दे.

विश्रामबागची_ताई:
लाइट जाते तिला कोण सांगणार, दादा! बरं, दोन्ही बाजूंनी आपोआप छापतो का?

मिरजवाला:
एल३२५० नाही छापत. पानं हातानेच उलटी घालायची. कागद फार पातळ घेऊ नका, मागची अक्षरं दिसतात.